मदरच्या अंगणातले बांबू

कापडाचा रंग पक्का आहे की नाही हे बघायला लोक काय काय करतात. कोणी नखाने खरवडतं, कोणी दारापाशी नेऊन उजेडात धरतं. पुण्याच्या एका बाईंनी तर कस्टमवाल्यासारखा वास घेतला होता. पण तळहातावर थुंकून त्यावर कापड घासणारी बाई मी एकच पाहिली. सत्तरीची, ताठ पाठीची, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. माझ्या लाल पॉपलीनचं टोक तिने तळहातावर घासलं, तळहात माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "बाबू, बघ. तुझं कापड लाजतंय."

तळहात खरंच लाल झाला होता.

मी इचलकरंजीचा. वडिलांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या मागावर काढली. कापडाबद्दल मला कोणी शिकवलेलं मला चालत नाही. मी म्हणालो, "पटत नसेल तर दार तिकडे आहे."

ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबून बाहेरची हवा बघत राहिली. आता ही युक्ती माझीच. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या घाऊक बाजारात मी ती इतक्या वेळा वापरली होती की तिथले व्यापारी मला दारात उभा बघून चहा सांगायचे. त्यामुळे मी हाक मारली नाही. तीही वळली नाही. शेवटी आतून बायको म्हणाली, "अहो, दोघंही तिथल्या तिथे म्हातारे व्हाल."

त्या दिवशी माझ्या ठरलेल्या भावाच्या बऱ्याच खाली मी लाल, निळं आणि पिवळं कापड दिलं. दोन वर्षांनी तिने हसत हसत कबूल केलं, की दुकानात शिरण्याआधी गाडीत बसून तिने मुलीची लिपस्टिक तळहाताला चोळली होती. न्यू जर्सीत मला फसवणारी ती पहिली बाई. तेव्हापासून मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला.

दुकान प्रिन्सटन जंक्शनहून गाडीने दहा मिनिटांवर होतं. साड्या, पूजेचं सामान, पितळेची भांडी, थोडा किराणा. बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून मी आलो, पाच वर्षं पेट्रोल पंपावर काढली आणि मग हे दुकान टाकलं. आसपासच्या वेस्ट विंडसरमध्ये आमची मराठी माणसं भराभर घरं घेत होती. सगळे कॉम्प्युटरवाले. ते मला काका म्हणायचे आणि नारळ हलवून बघायचे.

तिला सगळे मदर म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. ती त्रिनिदाद बेटावरची. तिचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून त्या बेटावर आणले गेले होते. येताना त्यांच्याजवळ काही सामान असणं शक्यच नव्हतं. जे होतं ते डोक्यात होतं: देव, त्यांची गाणी, त्यांच्या आवडीनिवडी. ट्रेंटनमधल्या तिच्या घरामागे एक अंगण होतं आणि त्या अंगणात कुंपणाला लागून आठ बांबू उभे होते. प्रत्येक बांबूच्या टोकाला एका देवाचं निशाण. लोखंडाचा देव ओगुन, त्याचं लाल. समुद्राच्या आईचं निळं. झाडपाल्याच्या देवाचं पिवळं. माझं कापड तिथे जायचं.

"तुमच्याकडची, उसाच्या मळ्यांवर कामाला आणलेली माणसं आमच्या गावात शेजारीच राहायची," तिने एकदा मला सांगितलं. "त्यांच्या अंगणातही बांबूवर झेंडी, आमच्या अंगणातही झेंडी. लहानपणी मला वाटायचं, देव वरून बघत असेल तर त्याचा पत्त्याचा गोंधळ होत असेल."

बेटावर तिचा वार्षिक उत्सव मंगळवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवारपर्यंत चालायचा. ट्रेंटनमध्ये तो शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असा झाला होता, कारण तिच्या माणसांना नोकऱ्या होत्या आणि शेजाऱ्यांना कान होते. हे सांगताना ती जरा ओशाळली. मी म्हणालो, मदर, त्यात काय, आमचा गणपती चतुर्थीला कुठेही असो, जर्सीत येतो शनिवारीच. तो पार्किंग बघून येतो. ती इतकी हसली की तिला काउंटर धरावा लागला.

आता मला माझी एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या काळात ती मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो आणि मदरला तर दोनदा सांगून झाली होती.

२००२ साली मराठी मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये गुढीपाडवा ठेवला होता. मी म्हटलं, या लोकांना खरी गुढी दाखवू. कुठून कुठून चौकशी करून अठरा फुटी बांबू मिळवला, त्याला पैठणीच्या काठाचं रेशमी वस्त्र, कडुनिंब, साखरेची गाठी, वर चकचकीत तांब्या. व्हॅनच्या टपावर बांधून, मागे लाल फडकं लावून, वीस मैल सावकाश चालवत नेली. हॉलच्या दारात मंडळाचे अध्यक्ष उभे होते. वय अडतीस-चाळीस, पुण्याचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर, अंगात सिल्कचा कुर्ता आणि कमरेला फोन. त्यांनी गुढी वरपासून खालपर्यंत पाहिली. "काका, ही आत जाणार नाही. सीलिंग बघा. आणि फायर कोड आहे. बाहेर टेकवून ठेवता का?" आत स्टेजवर टेबलाच्या मधोमध एक फुटाची गुढी होती. पडद्याच्या दांडीचा तुकडा, त्यावर बाहुलीच्या भातुकलीतला तांब्या. तिची आरती झाली, फोटो निघाले. माझी गुढी सबंध कार्यक्रमभर मागच्या बाजूला कचऱ्याच्या डंपस्टरला टेकलेली होती. त्या दिवसापासून मी मंडळात पाऊल टाकलं नाही.

मदरने ही गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा ती म्हणाली, "बाबू, ही गोष्ट तू फार छान सांगतोस. पहिल्या वेळेपेक्षा डंपस्टर मोठा झालाय."

२००५ च्या जूनमध्ये ती दुकानात आली तेव्हा तिने कापड मागितलं नाही. बरोबर तिची मुलगी होती. मुलगी नर्स, पन्नाशीची, नेहमी ड्यूटीवरून येणारी किंवा ड्यूटीला निघालेली. मदर खुर्चीवर बसली आणि मुलीनेच सांगितलं. दर वर्षी उत्सवाला आठ नवे बांबू लागतात. हिरवे, ताजे. इतकी वर्षं ते ट्रेंटनमधल्याच एका म्हाताऱ्याच्या परसातून यायचे. तो म्हातारा हिवाळ्यात वारला, घर विकलं गेलं, नव्या मालकाने परसात काँक्रीट ओतलं. उत्सव दोन आठवड्यांवर आला होता.

"मी तिला म्हणतेय, पीव्हीसीचे पाइप आणू," मुलगी म्हणाली. "हलके असतात, कुजत नाहीत, दर वर्षी तेच वापरता येतील. हिरवा रंग देऊ. लांबून कोणाला कळणारसुद्धा नाही."

"पाइपातून पाणी उतरतं," मदर म्हणाली. "देव नाही."

"मम्मी, देवाला काय फरक—"

"तुझ्या पणजीला ढोल वाजवला म्हणून पोलिसांनी पकडलं होतं. सरकारने ढोल बंद केले तेव्हा लोकांनी बांबू तोडले आणि जमिनीवर आपटून वाजवले. त्या बांबूला मी आता सांगू, की तू जड पडतोस?"

मुलीने घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत थकवा होता, पण लाजही होती. मला समजलं की तिलाही पाइप नको आहेत, फक्त तिच्याकडे दुसरा उपाय नाही. मदर मला म्हणाली, "बांबू नाहीत तर निशाणं नाहीत. निशाणं नाहीत तर मी कोणाला बोलावू? यंदा उत्सव नाही म्हणून सांगावं लागेल. माझ्या आजीपासून एकदाही चुकला नाही. पोलीस होते तरी चुकला नाही."

मी म्हणालो, आणतो मी बांबू. जर्सीत काय मिळत नाही?

"विकत नको," ती लगेच म्हणाली.

"मग?"

"ज्याच्या जमिनीत उगवला त्याने आपल्या हाताने द्यायचा. विकून नाही, बदल्यात काही घेऊन नाही, मनात अढी ठेवून नाही. आणि मग त्याने आमच्याकडे जेवायला यायचं."

"हे तुमच्या पोथीत आहे?"

"पोथी कुठली? आजीच्या तोंडात होतं. दुसऱ्या अंगणात दुसरं असेल. माझ्यात हे आहे."

मला तिचं ते गाणं आठवलं. कापड मोजताना ती काहीतरी गुणगुणायची. एकदा मी अर्थ विचारला होता. ती म्हणाली, सगळा मला माहीत नाही. आजीने जसं म्हटलं तसं मी म्हणते. ज्याला ऐकायचं त्याला कळतं. माझी आई कोकणातली होती. तिच्या माहेरी देवळात गुरव जे पुटपुटायचा त्याचा अर्थ गावात कोणालाच सांगता यायचा नाही, पण एक शब्द गाळला असता तर गावाने त्याला जेवू दिलं नसतं. तेव्हा मी पुढे वाद घातला नाही.

चार दिवसांनी दुकानात कोण यावं? अध्यक्ष! तीन वर्षांत पहिल्यांदा. नारळ उचलला, हलवला, खाली ठेवला. अगरबत्तीचा पुडा उलटसुलट करून पाहिला. नारळ हलवून न घेणारा मराठी माणूस काहीतरी मागायला आलेला असतो.

"काका, थोडी हेल्प हवी होती यार."

"बोला साहेब."

प्रकार असा होता. त्यांच्या वेस्ट विंडसरच्या घरामागे आधीच्या मालकाने आडोशाला म्हणून बांबू लावले होते. घर घेताना फार सुंदर दिसले, अगदी रिसॉर्टसारखे. आता त्या बांबूंनी कुंपणाखालून जाऊन शेजाऱ्याचं लॉन फोडलं होतं. शेजारी रिटायर्ड गोरा, त्याला लॉनखेरीज संसार नाही. त्याने टाउनशिपमध्ये कम्प्लेंट केली. लॉनवाल्या कंपन्या अव्वाच्या सव्वा मागत होत्या. "तुमच्याकडे कोणी माणसं असतील तर... आय मीन, तुमचे खूप कॉन्टॅक्ट्स असतात ना."

"कितीक उंच आहेत?"

"अहो राक्षस आहेत! वीस फूट, पंचवीस फूट. रात्रीत वाढतात."

माझ्या आत काय झालं ते सांगता येत नाही. एका बाजूला मदरचे आठ बांबू, दुसऱ्या बाजूला माझा डंपस्टर, आणि मधोमध हा माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलेला. धंद्यात असा दिवस वर्षाकाठी एखादाच येतो. नियम मला आठवत नव्हता असं नाही. आठवत होता. पण मी स्वतःला म्हटलं, पैसे घेतले तर विकणं. मी पैसे घेणारच नाही.

मी बिलबुकातला एक कागद फाडला, उलटा केला आणि लिहायला घेतलं: पुढच्या पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात पूर्ण उंचीची गुढी, हॉलच्या पुढच्या दाराशी. तिच्यावर तांब्या मी चढवणार. फोटो तिचा निघणार.

"यावर सही करा. बांबू मी फुकट नेतो."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "काका, तुम्ही अजून ते..."

"सही."

त्यांनी सही केली. इंग्रजीत, तारखेसकट. आतल्या बाजूला बायको डाळीच्या पिशव्या भरत होती. तिने मान वर केली नाही, पण डाळ जरा जोरात ओतली.

उत्सवाच्या आदल्या गुरुवारी मी आणि बायको व्हॅन आणि करवत घेऊन त्यांच्या घरी गेलो. अध्यक्ष काचेच्या दारामागे कॉन्फरन्स कॉलवर होते. त्यांनी आतूनच अंगठा दाखवला आणि पाठ फिरवली. मी आठ सरळ, हिरवेगार बांबू निवडून कापले. मग रीत म्हणून आणखी पंधरा-वीस कापून कडेला टाकले. तेवढ्यानं त्या जंगलाला कळलंसुद्धा नाही.

मदरच्या अंगणात आम्ही बांबू उतरवले तेव्हा तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले. एकेका बांबूवरून तिने हात फिरवला, कापडावरून फिरवायची तसाच. मग म्हणाली, "कोणी दिले?"

"आमच्यातलाच एक माणूस."

"आपल्या हाताने?"

"काचेतून अंगठा दाखवला," मी म्हणालो. "कॉलवर होता." बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"बदल्यात काही?"

"एक पैसा नाही!"

हे खरं होतं. मदरने मान डोलावली, आत गेली आणि एक फळ घेऊन आली. ओबी म्हणतात त्याला ते लोक, आफ्रिकेतून येतं, चार फोडी होतात. तिने पाणी शिंपडलं, काहीतरी पुटपुटली आणि चार फोडी बशीत टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या तर देवाला मान्य, हे मला माहीत होतं. आमच्या आजोळी देवाच्या अंगावर फुलं लावून कौल घ्यायचे. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही, आणि आजोबा डावं पडलं की म्हणायचे, "देवा, पुन्हा एकदा नीट बघ."

चारी फोडी पालथ्या पडल्या.

ती बशीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बाबू," ती म्हणाली, "गाडीत काही राहिलंय का बघून ये."

मी खरंच व्हॅनपर्यंत गेलो. दार उघडलं. आत दोरी, करवत आणि माझ्या शर्टाच्या खिशात तो कागद. बायको मागून आली होती. "तिने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "तिने विचारलं नाही. एवढी चांगली बाई आहे ती."

"फोडी आहेत त्या. कशाही पडतात."

"हो का? मग घाम का आलाय तुम्हाला?"

अंगणात परत आलो तेव्हा मदर पायरीवर बसली होती. आधीच्या वर्षीचे बांबू पिवळे पडून कुंपणाशी झुकले होते, त्यांची निशाणं विटलेली. नवे आठ तिच्या पायाशी आडवे. ती मला एवढंच म्हणाली, "मी हे उभे करू शकत नाही. तू फार कष्ट घेतलेस. जेवून जा." शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. जेवून जा म्हणाली म्हणून मी तडक वेस्ट विंडसरला गेलो, बांबू पुन्हा व्हॅनवर बांधून.

आयुष्यात मी कोणाकडे काही मागितलेलं नाही. एक तर घेतलंय, नाहीतर घासाघीस करून मिळवलंय. अध्यक्षांनी दार उघडलं. त्यांनी व्हॅनच्या टपावर त्यांचेच बांबू परत आलेले पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"काका, नो रिटर्न्स प्लीज!"

मी कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हा घ्या. अट रद्द. आता मला हे बांबू द्या."

"पण दिलेत की."

"तसे नाही. फुकट द्या. स्वतःच्या हाताने द्या."

ते कागद बघू लागले, मग मला. "यात कॅच काय आहे?"

"कॅच नाही."

"काका, तुम्ही आणि कॅच नाही?" ते दोन पावलं मागे सरले. "हे बघा, गुढी मी करतो ना. प्रॉमिस. कमिटीशी बोलतो. आणि वाटलं तर वरचा लेबर चार्ज पण देतो, फक्त मुळंही काढून न्या. डील?"

"डील नको म्हणतोय मी!"

"बरं, मग तुमची ऑफर काय?"

"फुकट दे म्हणतोय ना रे, गाढवा!" मी ओरडलो. शेजारचा गोरा लॉनवरून उभा राहून बघू लागला. मी तीन वर्षं ज्या माणसाला पाठीमागे साहेब म्हणून टोमणे मारले त्याला अरे-तुरे केलं होतं, तेही त्याच्याच दारात. ते चक्क हसले. "आत या," म्हणाले. "नीट सांगा."

मी सांगितलं. मदर, आजी, पोलीस, काँक्रीट, पाइप, चार फोडी. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "नॉनव्हेज असतं का हो?" मी म्हणालो, बकरा असतो, कोंबडा असतो, देवाच्या नावाने. कोकणातल्या राखणदाराला चालतो तो ओगुनला का चालू नये? तुम्हाला भात आहे, भाजी आहे, आणि डोळे मिटायची सोय आहे. ते काचेतून आपल्या बांबूंकडे वळले. "माझ्या आजोबांकडे सोवळं इतकं कडक होतं," ते म्हणाले, "मुंज झाली आणि मी सगळं सोडून दिलं. मंडळात मी ते एक फुटाचं करतो ना, तेवढंच मला येतं." मग उठून त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकले. मला ते बघवलं नाही. सही चांगली आली होती.

शनिवारी ते आले. कुर्ता नव्हता, टी-शर्ट होता आणि फोन गाडीत ठेवला होता. मदरने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी त्यांनी माझी गुढी पाहिली होती तसं. मी मनात म्हटलं, आता बघ.

"हा तो अंगठेवाला?" तिने विचारलं.

"हो मदर," अध्यक्ष म्हणाले.

"आज सबंध हात आणलास ना?"

त्यांनी बांबू एकेक करून उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आठ वेळा. पाचव्याला त्यांचे दंड थरथरत होते. मी पुढे झालो तर तिने मला हातातल्या काठीने अडवलं. "याच्या जमिनीतला आहे. यालाच जड होऊ दे." मग पाणी, पुटपुटणं, बशी. मी बघत नव्हतो. बायकोने माझी बाही ओढली. दोन उताण्या, दोन पालथ्या.

मदरने डोळे मिटले. तिच्या मुलीने, जी हिरवा रंग देऊन पाइप लावणार होती, आईचा हात घट्ट धरला आणि ती ड्यूटीला निघालेली नाही असं मला पहिल्यांदाच दिसलं.

मग ढोल सुरू झाले. तीन ढोल. मधला आधी, मग बाकीचे दोन त्याच्या मागे धावत. पहिला बांबू ओगुनचा. माझं लाल पॉपलीन त्याच्या टोकाला बांधलं होतं. रंग पक्का. खड्डा मुलीने खणला होता. अध्यक्ष बुंधा धरून उभे, आणि मदर ओरडत होती, "सरळ! डावीकडे! तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे ना? मग सरळ कसं कळत नाही?" पंचवीसजण हसत होते आणि गात होते, तिच्या आजीचं गाणं, अर्धा अर्थ माहीत असलेलं. बांबू उभा राहिला. वाऱ्याने कापड उलगडलं.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "बघा. कोणी डंपस्टरला टेकवला नाही."

अध्यक्षांनी ते ऐकलं. कपाळावरचा घाम पुसत ते माझ्याकडे वळले. "काका, एक विचारू? मी त्या दिवशी म्हटलं होतं बाहेर टेकवा. डंपस्टर कुठून आला?"

"तुम्ही म्हणालात बाहेर—"

"बाहेर म्हणालो. मागे लांबलचक भिंत आहे तिथे."

मी बायकोकडे पाहिलं. ती कापडाकडे बघत होती. "भिंत रिकामी होती," ती शांतपणे म्हणाली. "मी तिथेच उभी होते. तुम्ही रागाने गुढी घेऊन भिंतीवरून पुढे गेलात आणि डंपस्टरला टेकवलीत. वर म्हणालात, 'असू दे, दिसू दे लोकांना.'"

"तू तीन वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगत होता."

मदरला अध्यक्षांनी इंग्रजीत सांगितलं असावं, कारण ती तोंडावर हात ठेवून हसत होती. मला राग आला होता, पण तो कोणावर काढावा हे समजेना, आणि राग धरून उभं राहायला ढोलाच्या तालात जागाही मिळत नव्हती. एक सांगतो, एक फुटाची गुढी मला अजूनही मान्य नाही. त्याबद्दल मी कोणाशीही भांडेन.

जेवणं झाली. अध्यक्षांनी भात, भाजी आणि केळी खाल्ली, बकऱ्याच्या पातेल्याकडे पाठ करून. पण तिसऱ्या वेळी वाढून घेतलं. निघताना मदरने आम्हाला कुंपणाशी नेलं. अध्यक्षांकडून दुसऱ्यांदा निघताना, कडेला कापून टाकलेल्यांतला एक बांबू मी चुकून आठांबरोबर व्हॅनवर बांधला होता. नववा तिथे पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.

"हा तुझ्या झेंडीचा."

"याचं काय घेणार?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हात पुढे कर, बाबू," ती म्हणाली. "आणि जरा गप्प बस."

दुकानाच्या मागे एक डंपस्टर आहे, आमच्या सगळ्या गाळ्यांचा मिळून. घरी जाण्याआधी मी बांबू घेऊन तिकडे गेलो, थोडा वेळ उभा राहिलो आणि तो भिंतीला टेकवला.